कंटेनरचा दुखवटा

जहाज बारा दिवस आमच्या डोळ्यांसमोर उभं होतं. मासे धुरावायच्या भट्टीपाशी उभं राहिलं की सरळ दिसायचं. निळं, गलेलठ्ठ, जागचं हलायचं नाव नाही. त्याच्या पोटात कुठेतरी आमचा कंटेनर होता आणि कंटेनरमध्ये आमची जाळी. मी रोज सकाळी त्याला दोन शिव्या घालायची आणि मग भट्टी पेटवायची.

मी आमेर्ले. तेमा बंदराच्या भिंतीला लागून मासेमारांची वस्ती आहे, तिथली. भिंतीच्या पलीकडे क्रेन आणि कंटेनर, अलीकडे आम्ही, आमच्या होड्या आणि धूर. बंदर व्हायच्या आधी पलीकडची जागाही आमचीच होती, पण ते भांडण माझ्या आजीच्या काळातलं. आज ते काढत नाही.

आमच्याकडे होडी पुरुष चालवतात आणि होडीला लागणारा पैसा मासे विकणाऱ्या बायका घालतात. जुलैचा महिनाभर सरकार होड्यांना समुद्र बंद ठेवतं, म्हणजे मासे निवांत अंडी घालतात. एक ऑगस्टला समुद्र उघडतो आणि पुढचे सहा-सात आठवडे तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. त्या सात आठवड्यांवर आम्ही वर्ष काढतो. यंदा तीन होड्यांची जाळी इतकी जुनी झाली होती की ठिगळं जास्त आणि जाळं कमी. अक्राच्या दुकानदाराकडून घ्यायची तर तो आमचं चामडं सोलतो. म्हणून मी म्हटलं, आपण बावीस जणी मिळून थेट कारखान्यातून मागवू. डोकं माझं, कागदावर नाव माझं. जाळी समुद्र उघडायच्या आत आली नाहीत तर बावीस घरांचं वर्ष बुडणार आणि त्यातल्या प्रत्येक घरात माझा उद्धार होणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वाटेत कुठल्याशा देशात गोदी कामगारांचा संप झाला. जहाजं तुंबली, आणि संप मिटल्यावर सगळी एकदम सुटून आमच्या दारात आली. आमच्या जहाजाच्या पुढे सतरा होती. माझा भाऊ ओकांते, आमच्या होडीचा तांडेल, एकदा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"वल्हवत गेलो तर अर्ध्या तासात पोचेन तिथे," तो म्हणाला. "हाक मारू का, आमचा डबा खाली टाका म्हणून?"

"मार की. तुझा आवाज तसाही फुकट जातोय."

शेवटी एकवीस जुलैला, मंगळवारी, कंटेनर जमिनीवर उतरला. मी वस्तीभर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे वाटले. दुसऱ्या दिवशी आमचा क्लिअरिंग एजंट कागद घेऊन आला. तो तसा भला माणूस, पण वाईट बातमी आणताना तो आधी हसतो. त्या दिवशी फारच हसत होता.

"जहाज कंपनीने जादा आकार लावलाय, आंटी. गर्दीचा."

"कसली गर्दी?"

"बंदरात गर्दी झाली ना."

"कुणी केली?"

"जहाजांनी."

"जहाजं कुणाची?"

"कंपन्यांची."

"मग पैसे कुणी भरायचे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही."

आकडा सांगत नाही. जाळ्यांच्या किमतीचा तिसरा हिस्सा, एवढं पुरे. आणि तो भरेपर्यंत डबा हलणार नाही, डबा हलेपर्यंत त्याचं डेमरेज, म्हणजे अडकून पडल्याचं भाडं, रोज चढणार. म्हणजे जहाज त्यांचं, उशीर त्यांचा, आणि उशिरा आलात म्हणून दंड आम्हाला. मी आयुष्यभर बाजारात बसलेय. खोट्या वजनाच्या टोपल्या पाहिल्या, शिळा मासा ताजा म्हणून विकणारे पाहिले. पण ग्राहकाला ताटकळत ठेवून वर ताटकळण्याचे पैसे मागणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहत होते.

कंपनीच्या ऑफिसात मी चार दिवसांत पाच वेळा गेले. बंदराच्या रस्त्यावर दुमजली पांढरी इमारत आहे. वर कंपनीचे इथले मॅनेजर असिआमासाहेब बसतात, हे सगळ्यांना माहीत. पण मला कधी ते मीटिंगमध्ये, कधी फोनवर, कधी जेवायला. पाचव्या वेळी दारावरचा रखवालदार मला म्हणाला, "आंटी, तुम्ही इतक्या येता की माझ्या बायकोला संशय यायला लागलाय."

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या किनाऱ्यावर जमलो. नाआ आडोले मध्ये बसली होती. नाआ आडोले म्हणजे आमच्या मासळीबाजाराची मुखत्यार. सत्तरीची बाई, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. सकाळी ती भाव बोलल्याशिवाय बाजारात एक टोपली विकली जात नाही.

कुणीतरी म्हणालं, मोर्चा काढू. ओकांते म्हणाला, "मोर्चाला पोलिसांना पाच दिवस आधी कळवावं लागतं. तोवर समुद्र उघडतोय."

दुसरी म्हणाली, भरून टाकू, मिटवून टाकू. तिच्यावर कुणी ओरडलं नाही, कारण सगळ्यांच्याच मनात ते होतं. फक्त भरायला होतं काय?

नाआ आडोलेने माझ्याकडे पाहिलं. "आमेर्ले, डबा खाली उतरला कधी?"

"गेल्या मंगळवारी."

"आणि तेव्हापासून हलला नाही?"

"नाही."

"बोलला नाही, चालला नाही, जेवला नाही?"

"नाआ, तो डबा आहे."

"मग गेला बिचारा," ती म्हणाली. "परवा मंगळवारी त्याला आठवडा होतो. आठवड्याचा दुखवटा नको का करायला?"

मग मागून एकीला हसू फुटलं आणि ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. आमच्याकडे माणूस गेला की आठवड्याने मांडव पडतो. लाल-काळं नेसून लोक दिवसभर बसतात, येणारा-जाणारा काही ना काही देतो आणि कुणी किती दिलं ते माइकवर पुकारतात. त्याला पोलिसांची परवानगी लागत नाही. या देशात दुखवट्याचा मांडव उठवायची छाती अजून कुणाला झालेली नाही.

ओकांते तेवढा हसला नाही. "मेलेल्यांची थट्टा अंगाशी येईल."

"मेलेल्यांची कोण करतंय?" नाआ आडोले म्हणाली. "आपण जिवंतांची करतोय."

मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात जात नाही, तो दिवस समुद्राचा असतो. जुलैत तसेही सगळे घरी. त्यामुळे मांडव बांधायला माणसांची वाण नव्हती. सकाळी सातला कंपनीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, दोन मांडव उभे राहिले. दीडशे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, भोंगे आले. बावीस जणी लाल-काळ्यात. आणि फाटकाच्या बरोबर समोर माणसाएवढा फलक. त्यावर एका कंटेनरचा फोटो, भोवती फुलांची चौकट, आणि खाली लिहिलं होतं: काय हा आघात! भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली कंटेनरचा नंबर. मग, मागे परिवार: तीन होड्या, बावीस आया, छत्तीस खलाशी, आणि तारली जी वाट पाहून निघून जाईल.

रखवालदार बाहेर आला. मांडव दिसल्याबरोबर त्याने आपसूक टोपी काढली. मग हळूच मला विचारलं, "कोण गेलं, आंटी?" मी फलकाकडे बोट केलं. त्याने तो दोनदा वाचला. टोपी परत घालावी की हातात ठेवावी हे त्याला दुपारपर्यंत ठरवता आलं नाही.

माइकवर लाम्प्ते होता. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक दुखवट्यात तोच बोलतो. त्याचा आवाज असा की ऐकून सावकारही रडेल. "बंधूभगिनींनो," त्याने सुरू केलं, "आमचा लाडका निरोगी होता. कारखान्यातून हसत निघाला होता. वाटेत त्याला कुणी सतरा जहाजांच्या मागे उभं केलं? जमिनीवर आल्यावर त्याच्या छातीवर कुणी कागद ठेवला?" बायकांनी हंबरडा फोडला. खरं सांगते, पहिला हंबरडा खोटा होता, तिसरा खोटा नव्हता. मला माझी मुलगी आठवली, तिची फी आठवली, आणि मी अशी रडले की शेजारची माझी पाठ थोपटायला लागली.

बंदराच्या रस्त्यावर ट्रकांची रांग रोजची. ड्रायव्हर आधी नुसते बघत होते. मग एक उतरला, आमच्याशी उजवीकडून डावीकडे रीतसर हात मिळवत गेला, टेबलावर पाच सेडीची नोट ठेवली. लाम्प्तेने पुकारलं, "ट्रकवाले अग्बेको, पाच सेडी! देव भलं करो!" मग दुसरा उतरला. दहाच्या सुमाराला फरशांचा एक व्यापारी आला. त्याने पन्नास ठेवले आणि लाम्प्तेच्या कानाशी लागला. लाम्प्तेने माइक तोंडाशी नेला. "आताच हाती आलेल्या बातमीनुसार, त्याच जहाजावरचे फरशांचे दोन कंटेनरही दगावले आहेत."

त्यानंतर धरबंद राहिला नाही. तांदळाच्या व्यापारी बाई आल्या, नाव मामी सेराह. त्यांचे चार. कुणाच्या सायकली, कुणाचे शिलाई मशिनीचे भाग. जो येई तो टेबलावर काही ठेवी आणि आपला नंबर मयतांच्या यादीत घालायला सांगे. बारा वाजेपर्यंत एकतीस दगावले होते. मामी सेराह माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी आठवडाभर एकटीच रडतेय. मला वाटत होतं माझंच नशीब फुटकं."

आणि मग असिआमासाहेबांनी चूक केली.

ते सकाळपासून बाहेर होते. साडेबाराला त्यांची गाडी आली. फाटकात शिरायचं तर मांडवाच्या मधूनच जावं लागत होतं. दोन्ही बाजूंना लाल-काळ्यातली माणसं आणि माइकवर लाम्प्ते. ते कुमासीकडचे, चांगल्या घरातले, आजीच्या मांडीवर रीतभात शिकलेले. दुखवट्यासमोरून हात रिकामे ठेवून जायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. गाडीची काच खाली झाली. रखवालदाराच्या हातात एक पाकीट आलं आणि रखवालदाराने ते टेबलावर आणून ठेवलं. फलक त्यांनी वाचला होता की नाही कोण जाणे. मला वाटतं, हात आधी गेला आणि डोकं मागून आलं.

लाम्प्तेने पाकीट फोडलं. "जहाज कंपनीचे असिआमासाहेब," तो गरजला, "दोनशे सेडी!"

मांडवात टाळ्या पडल्या. दुखवट्यात टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. नाआ आडोलेने काठी टेकली आणि उठली. "ज्याने दिलं त्याच्याकडे घरच्यांनी जाऊन आभार मानायचे असतात," ती म्हणाली. "चल आमेर्ले. ओकांते, तू आपल्या वतीने बोलणार. शर्टाची बटणं लाव."

रखवालदार फाटकात आडवा झाला नाही. आभार मानायला निघालेल्या दुखवट्याच्या माणसांना कोण अडवणार? उलट त्याने नाआ आडोलेचा दंड धरून तिला जिना चढवला.

असिआमासाहेब टेबलामागे उभेच होते. पन्नाशीचे, चष्मा, घामाने कॉलर ओली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आल्याचं मला स्पष्ट दिसलं. पण आता गाडी उतारावर होती. म्हातारी बाई दारात आहे म्हटल्यावर खुर्ची द्यायला हवी. खुर्ची दिली. बसलेल्याला पाणी द्यायला हवं. पाणी आलं. आम्ही सावकाश प्यायलो. आणि पाणी देणाऱ्याने मग विचारायचं असतं, तेही त्यांनी विचारलं, कारण न विचारणं म्हणजे शिवी.

"आई, इथे सगळं क्षेम आहे. आपलं येणं कसं झालं?"

झालं. पाच वेळा जे तोंड मला दिसलं नाही, त्याच तोंडाने विचारलं. आता सांगून होईपर्यंत मध्ये बोलायची सोय नव्हती.

ओकांते उभा राहिला. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. जुनी जाळी, बावीस बायका, संप, सतरा जहाजं, गर्दीचा कागद, माझे पाच हेलपाटे. माझा भाऊ घरी बोलतो तेव्हा भांडी पडल्यासारखा आवाज येतो, पण तिथे तो असा बोलला की मलाच माझी दया आली. शेवटी म्हणाला, "साहेब, एक तारखेला समुद्र उघडतो. नवं जाळं डब्यातून काढलं की तसंच समुद्रात टाकता येत नाही. पट्टे जोडायचे, वरच्या दोराला तरंगणारे गोळे बांधायचे, खालच्या दोराला शिसं. तीन दिवस लागतात. आज अठ्ठावीस तारीख आहे."

असिआमासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आकार मी लावत नाही, आई. वरून येतो. परदेशातून."

"म्हणजे आकाशातून?" नाआ आडोलेने विचारलं.

"मुख्य ऑफिसातून."

"मग त्यांना फोन लावा. आम्ही बसतो. दुखवट्यातल्या माणसांना कुठं जायचं असतं?"

ते खिडकीशी गेले. खाली लाम्प्ते पस्तिसाव्या कंटेनरचं नाव घेत होता. परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता, दार बंद असूनही.

"ऐका. तुमचा एक कंटेनर मी सोडतो. आकार माफ. आत्ता सही करतो, उद्या दुपारी डबा तुमच्या किनाऱ्यावर." त्यांनी खण उघडला, कागद काढला. "पण मांडव आत्ता उठवायचा. आणि माफ केलंय हे कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर सांगा, भरले. बाकीच्यांना कळलं तर मला नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

ओकांतेने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे ओरडत होते, घे. मग तोंडानेही म्हणाला, "घे, आमेर्ले. अगं घे."

मला तो कागद हवा होता. खोटं कशाला बोलू? त्यावर सही झाली असती तर उद्या जाळी, तीन दिवसांत शिवून तयार, एक तारखेला पहाटे होडी पाण्यात. माझ्या नावाला बट्टा नाही, बावीस घरं वाचली. मी नाआ आडोलेकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. एरवी प्रत्येक टोपलीचा भाव बोलणारी बाई त्या क्षणी अवाक्षर बोलली नाही. कागदावर नाव माझं होतं.

आणि मला मामी सेराह आठवल्या. खाली त्या माझ्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून जागा धरून बसल्या होत्या. आमच्या टेबलावर त्यांचे वीस सेडी पडले होते. त्यांना जाऊन मी सांगायचं की मी भरले? म्हणजे त्यांनीही भरायचे. फरशीवाल्यानेही. आणि पुढच्या वर्षी आम्हीही, कारण तोवर हा आकार सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असणार. माझा राग पायापासून वर चढला. या माणसाला आकार माफ करता येत होता. सगळा वेळ येत होता.

"साहेब," मी म्हटलं, "दुखवट्यात दिलेलं काही आम्ही मुकाट्याने घेत नाही. एक सेडी असला तरी माइकवर पुकारतो. पुकारायचं नसेल तर आम्हाला घेता येत नाही."

"मग मला जमणार नाही."

"मग राहू द्या."

ओकांतेने कपाळावर हात मारला. असिआमासाहेबांनी कागद खणात ठेवला, पण खण लगेच लावला नाही. "तुम्हाला कळतंय ना काय सोडताय?"

"कळतंय," मी म्हटलं. "तुमच्या पाण्याबद्दल आभार."

जिन्यात ओकांतेने माझा हात धरला. "तो मोसम तुझ्या एकटीचा नव्हता. माझ्या बारा खलाशांचा होता. तुला तोंड मिळालं की तू मागचापुढचा विचार करत नाहीस." त्याचं चुकत नव्हतं.

मी मांडवात गेले आणि लाम्प्तेच्या हातून माइक घेतला. तो दोन्ही हातांनी धरला. "वर साहेबांनी मला सांगितलं," मी म्हटलं, "की माझ्या एकटीचा आकार माफ करतो, पण गप्प बस. म्हणजे ऐका सगळ्यांनी. आकार माफ होतो. त्यांच्या खणात तसा कागद आहे. मी तो घेतला नाही. तुम्हाला हवा असेल तर जिना तिकडे आहे. आभार मानायला जा."

आधी मामी सेराह उठल्या. मग फरशीवाला. मग सायकलींवाला, आणि त्यामागे सगळे, लाल-काळं नेसलेले नि न नेसलेले. रखवालदार प्रत्येकाला दार उघडून देत होता. साडेचारला ऑफिस बंद झालं तेव्हा जिन्यावर अजून रांग होती.

बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही. एजंटने सांगितलं, परदेशात फोन चाललेत. शुक्रवारी जिन्यावर पुन्हा रांग लागली, पण कागद आला नाही.

शनिवारी, एक ऑगस्टला, समुद्र उघडला. पहाटे सगळ्या होड्या गेल्या, आमच्या तीन होड्या जुनी जाळी घेऊन गेल्या. नऊला इतर होड्या परतल्या तेव्हा तारली कडांवरून सांडत होती. ओकांतेची होडी दहाला आली. त्याला थवा मिळाला होता, इतका मोठा की पाणी चांदीसारखं झालं होतं, असं त्याचे खलाशी म्हणाले. जाळं भरलं, ओढायला लागले, आणि ठिगळं उसवली. एका बाजूने सगळं जाळं उलगडत गेलं. त्यांनी हाताने उरलेले मासे टोपल्यांत भरले, चार टोपल्या. ओकांते माझ्या अंगावरून गेला, मी तिथे नसल्यासारखा.

"आली बघ माइकवाली," बाजारात एक जण म्हणाली. "आज माइकच धुराव भट्टीत." रविवारी आणि सोमवारी सकाळीही तेच. माझ्या बावीस जणींपैकी काही माझ्याशी बोलत होत्या, काही माझ्याविषयी. मी भट्टीमागे जाऊन रडले. धुरात रडायचं बरं असतं, कुणी विचारत नाही. मला वाईट वाटत होतं, फार वाईट. पण एकदाही, झोपेतसुद्धा, मी तो कागद घेतला असता असं मला वाटलं नाही.

सोमवारी बाराला एजंटचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता, म्हणून माझ्या लगेच लक्षात आलं. कंपनीच्या दारावर कागद चिकटवला होता. त्या जहाजावरून आलेल्या सर्व कंटेनरांचा गर्दीचा आकार रद्द, आणि अडकलेल्या दिवसांचं डेमरेजही नाही. खाली असिआमासाहेबांची सही. मला म्हणजे आमेर्लेला नव्हे, सर्व कंटेनरांना. दुपारी चारला आमचा डबा किनाऱ्यावर उघडला. नव्या जाळ्यांचा वास नाकात गेला आणि पुन्हा माझे डोळे भरून आले. मग मी स्वतःलाच म्हटलं, पुरे आता, सगळा ऑगस्ट रडण्यात घालवणार आहेस का?

पण शिवायला तीन दिवस हवे होते. म्हणजे शुक्रवार उजाडणार.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी मी केंकीची टोपली घेऊन पुळणीवर गेले. ओकांते आणि त्याचे बारा जण जाळं पसरून बसले होते. थोड्या वेळाने शेजारच्या होडीचे चौघे आले, खिशातून सुया काढल्या, बसले. मग पलीकडच्या होडीचे. मंगळवार असल्यामुळे सगळा किनारा घरी होता, आणि सगळा किनारा येऊन बसला. ज्यांनी शनिवारी होड्या भरून आणल्या होत्या तेही. ट्रकवाला अग्बेकोही आला. त्याला शिवता येत नव्हतं, तो दोर ताणून धरत होता. कुणी आभार मानले नाहीत, कुणी भाषण केलं नाही. उलट लाम्प्तेला बजावलं होतं की आज तोंड उघडलंस तर तुलाच जाळ्यात शिवू. तीन वाजता दोन होड्यांची जाळी तयार होती आणि ओकांतेचं थोडंसं उरलं होतं.

मी त्याच्यापाशी पाणी घेऊन गेले. मांडवाच्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो.

"शनिवारचा थवा परत येणार नाही," तो जाळ्याकडे बघत म्हणाला.

"नाही येणार."

"एवढा थवा मी दहा वर्षांत पाहिला नव्हता."

"हं."

त्याने एक गाठ मारली, ओढून पाहिली. "पुढच्या वर्षी पुन्हा असा कागद आला तर? पुन्हा तसंच करशील?"

"करेन," मी म्हटलं.

आमच्याकडे पैसा बायकांचा आणि सुई पुरुषांची. चाळीस वर्षं मी जाळ्यांना पैसा घालतेय, पण आजवर कुणी मला जाळ्याला हात लावू दिलेला नाही, माझ्या बापानेही नाही. ओकांतेने आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग हातातली सुई उलटी करून माझ्यापुढे धरली.

"मग बस खाली," तो म्हणाला, "आणि शीव."

मी बसले. माझी पहिली गाठ वाकडी आली, आणि त्याने ती सोडवली नाही, तशीच राहू दिली.